ग्लॉक्सिनिया: कळ्या तपकिरी पडून गळताहेत, कुंडी बदलू का?

मोगरवेल
कंदाला कोंब येऊन तीन महिने झाले. पानं तळहाताहून मोठी, गर्द हिरवी. मधोमध दहा-बारा कळ्या धरल्या, पण हरभऱ्याएवढ्या झाल्या की तपकिरी पडून वाळतात. सहा गेल्या. काही पानांवर पिवळट ठिपके आहेत आणि काल खालचं एक पान देठाशी लिबलिबीत होऊन निखळलं.

कंद साधारण ४ सेंमी, कुंडी २० सेंमीची. बागेतली माती आणि कोकोपीट निम्मं-निम्मं. रोज सकाळी वरून पाणी. पूर्वेची खिडकी, वर पंखा. खत १५ दिवसांतून एकदा, पानांच्या वाढीचं. कळ्या कशाने जाताहेत? आणि फुलं झाल्यावर कंद काढून ठेवायचा की कुंडीतच राहू द्यायचा?

कंदखोर
कळ्यांचं नंतर बघू, आधी ते लिबलिबीत पान. देठ बुडाशी कुजला म्हणजे कूज कंदाच्या माथ्यापर्यंत पोचली असण्याची शक्यता बरीच. ४ सेंमीच्या कंदाला २० सेंमीची कुंडी फार मोठी. मुळं वरच्या थरातच पसरतात, खालच्या मातीतलं पाणी कोणी पीत नाही, आणि तुम्ही रोज नवं घालता.

आजच माती बाजूला सारून कंदाला अंगठ्याने दाबून बघा. चांगला कंद कच्च्या बटाट्यासारखा टणक लागतो. बोट रुतलं किंवा आंबूस वास आला तर बाहेर काढा.

नवी कुंडी १२-१३ सेंमीची, उथळ, भोकाची. मिश्रण: कोकोपीट २ भाग, परलाइट (मिश्रण भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) १, चाळलेलं गांडूळखत १. बागेतली माती नकोच, पाण्याने ती दगडासारखी बसते.

पाणी बशीतून द्या. कुंडी अर्धा तास ठेवायची, उरलेलं ओतून टाकायचं. वरचा दीड-दोन सेंमी थर कोरडा लागेपर्यंत पुन्हा नाही. ठरावीक वारी पाणी घालायचा नेम धरू नका. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेतलेला बरा. ते पिवळे ठिपके बहुतेक गार पाण्याचे. पानापेक्षा बरंच थंड पाणी पडलं की तिथल्या पेशी मरतात. पाणी खोलीत ठेवून कोमट होऊ द्या. पडलेले ठिपके मात्र जाणार नाहीत.

पानफुटी
कळ्यांबद्दल. मुळं कुजली की झाड आधी कळ्या सोडतं, म्हणजे वरचं कारण पुरेसं आहे. पण पंखाही तिथून हलवा. कोरड्या वाऱ्यात कळी उघडण्याआधीच वाळते. ओल्या खड्यांच्या ताटलीवर कुंडी ठेवा, बूड पाण्याला लागू न देता. फवारा मारू नका, पानांच्या लवेत थेंब अडकून बसतात.

गळालेली कळी फेकण्याआधी नीट बघायची. नुसती कुरकुरीत वाळली असेल तर हवा किंवा मुळं. करडी लव दिसली तर बुरशी. हवा खेळती हवी आणि मेलेली फुलं लगेच काढायला हवीत. कळी पांढऱ्या कागदावर झटकल्यावर सुतासारखे पिवळट जीव पळाले तर फुलकिडे. कोवळी मधली पानं आखडून ठिसूळ झाली असतील तर मात्र कोळीकीड (डोळ्यांना जेमतेम दिसणारी), आणि ते झाड इतर कुंड्यांपासून लांब न्या.

खतात नत्र जास्त असेल तर पानंच माजतात. कळ्या धरल्या की स्फुरद-पालाश जास्त असलेलं, डब्यावरच्या प्रमाणाच्या पाव भाग, ओल्या मातीतच.

मोगरवेल
कंद काढला. एका कडेला नखाएवढा भाग मऊ, बाकी टणक. आता वरची बाजू कोणती ठेवायची? शेजारून दोन बारीक कोंबही आलेत.

कंदखोर
वेळेत काढलात. स्वच्छ पात्याने मऊ भाग कापा, टणक गर दिसेपर्यंत, हात आखडू नका. कापावर कोळशाची पूड लावून एक दिवस सावलीत सुकवा. मग नव्या मिश्रणात, वर जेमतेम १ सेंमी थर. खोलगट, कोंबाची बाजू वर. गोलाकार बूड खाली. उलटा लावलेला कंद उगवतो, पण आठवडे वाया घालवतो.

उरलेल्या कळ्या खुडा. जीव कळवळेल, पण निम्म्या मुळांवर फुलं पोसणार नाहीत. शेजारचे कोंब ३-४ सेंमीचे झाले की काढून वेगळे लावा. एका कंदाला एकच खोड ठेवलं तर फुलं मोठी येतात.

विश्रांतीचं: पानं आपणहून पिवळी पडू लागली की तीन-चार आठवड्यांत पाणी कमी करत बंद. कंद कुंडीतच ठेवा, १२ ते १५ अंशांच्या आसपास, कोरड्या सावलीत, दोन ते चार महिने. महिन्यातून एकदा दोन चमचे पाणी, नाहीतर सुरकुततो. कोंब दिसला की नवं मिश्रण.

पानफुटी
इथे थोडा मतभेद. बियांपासून वाढवलेल्या नव्या संकरित झाडांचा कंद लहान असतो, कोरडा ठेवला तर संपतो. त्यांची फुलं झाल्यावर खोड खालच्या पानांच्या जोडीवर छाटा आणि बेताचं पाणी चालू ठेवा, पुन्हा फुटतात. तुमच्या ४ सेंमीच्या कंदाला विश्रांती सोसेल.

आणखी एक, माहिती शोधताना सिनिंजिया स्पेसिओसा या तुमच्या झाडाच्या शास्त्रीय नावाने शोधा. खऱ्या ग्लॉक्सिनिया वंशातल्या झाडांना असा कंद नसतो, जमिनीखाली खवलेदार खोड असतं, तिथली काळजी इथे लागू पडत नाही.

आणि एक निरोगी पान आताच लावून ठेवा, कंद दगावला तर हाताशी राहील. २-३ सेंमी देठासकट कापायचं, ओल्या कोकोपीट-परलाइटमध्ये तिरपं खोचायचं, वर पारदर्शक पिशवी. दोन महिन्यांत पान सुकून गेलं तरी मिश्रण फेकू नका. देठाच्या टोकाशी उकरून बघा, वाटाण्याएवढा कंद बसलेला असतो.