मदत हवी आहे: हरणाऱ्या बेसबॉल संघाने बेस जास्त चोरावेत का?

न्यू जर्सीत 14 वर्षांखालील मुलांच्या संघाला शिकवतो. 9 पैकी 7 सामने हरलो. फटके लागत नाहीत, धावपटू पहिल्या बेसवरच (धावेच्या चार टप्प्यांपैकी पहिल्या) अडकतात, म्हणून चोरी, म्हणजे पिचर (गोलंदाज) चेंडू टाकत असताना फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसवर पळणं, सुरू केली: 20 प्रयत्न, 13 यशस्वी. म्हणजे 65 टक्के, आणि साधारण 70-75 टक्क्यांखाली चोरी तोट्याचीच. पकडला गेला की धावपटूही जातो, आउटही. पण दोन चपळ मुलांचे 12 पैकी 10 यशस्वी, बाकीच्यांचे 8 पैकी 3! मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग) 2023 पासून बेस 15 चे 18 इंच झाले, पिकऑफवर (पिचरने धावपटूला बाद करायला बेसकडे चेंडू फेकण्यावर) मर्यादा आली, त्यामुळे तिथे चोरी सोपी झाली. आमच्याकडे जुनेच नियम, दोन बेसमधलं अंतर 90 फूट. लीड घेण्याचा (आधीच बेसपासून थोडं पुढे सरकून उभं राहण्याचा), पिचरच्या पायाच्या हालचालीवरून तो चेंडू कुठे टाकणार ते ओळखण्याचा सराव झालाय. मग फक्त त्या दोघांनाच मोकळीक द्यावी, की पुढचा बॅटर (फलंदाज) कच्चा असेल तेव्हा इतरांनाही पळवावं?