मदत हवी आहे : पंपाची वीज नेमकी कुठे वाया जाते, हे कसे मोजावे?

नमस्कार. रावेर तालुक्यात आमची केळीची बाग असून विहिरीत साडेसात एचपीचा थ्री फेज सबमर्सिबल पंप आहे. परवा पाइपच्या टोकाशी २०० लिटरचे पिंप ठेवून घड्याळ लावले, तेव्हा ते २५ सेकंदांत भरले. पाण्याच्या पातळीपासून त्या टोकापर्यंतची उभी उंची ३० मीटर भरते. या हिशेबाने पाण्याला मिळणारी शक्ती सुमारे २.३५ किलोवॉट होते, मात्र मीटरवर तासाला ६.४ युनिट पडतात, म्हणजे पंप ६.४ किलोवॉट वीज ओढतो.

माझा पहिला संशय २५० मीटर लांबीच्या, ७५ मिलिमीटरच्या पाइपमधील घर्षणावर आहे, कारण प्रवाह तेवढाच राहिला तर घर्षणामुळे होणारी दाबाची घट व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे ९० मिलिमीटरचा पाइप टाकल्यास ती साधारण ४० टक्क्यांवर यावी. परंतु मोटारीच्या वाइंडिंगमधील (तारेच्या वेटोळ्यांमधील) हानी आणि इंपेलरची (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चकतीची) झीज यांचा वाटा पंप वर न काढता वेगळा कसा करावा? विहिरीच्या काठावर, पाइप आडवा वळतो तिथे प्रेशर गेज बसवला तर पाइपचा वाटा खात्रीने कळेल का? केळी ऐन भरात असल्याने पाणी एक दिवसही बंद ठेवता येत नाही आणि पाइप बदलण्याचा खर्च चुकीच्या अंदाजावर करणे परवडणारे नाही. ज्यांनी अशी मोजणी स्वतः केली आहे, त्यांनी कृपया पद्धत सविस्तर सांगावी.