डूम ३ मधला सावल्यांचा पेटंट-वळसा आता काढून टाकावा का?

स्टेन्सिलराव: डूम ३ या गेमच्या खुल्या झालेल्या कोडवर छोटं इंजिन बांधतोय. कॅमेरा शॅडो व्हॉल्यूमच्या (वस्तूमागे सावली पडते त्या जागेच्या आकाराच्या) आत असला की तोच व्हॉल्यूम दोनदा ड्रॉ होतो आणि फिलरेट (पिक्सेल रंगवण्याचा वेग) मरतो. कॉमेंटनुसार हा पेटंट टाळायचा तोडगा आहे. तो काढून सरळ डेप्थ-फेल (व्हॉल्यूमच्या आड लपलेल्या बाजू मोजून सावली ठरवणं) वापरलं तर क्रिएटिव्ह या साउंडकार्ड कंपनीचं त्यावरचं पेटंट आडवं येईल का? गेम अमेरिकेतही विकायचा आहे. आणि डूम ३ चा प्रोग्रामर कार्मॅकने ही युक्ती स्वतःच शोधली होती ना, मग पेटंट टिकलं कसं?

त्रिकोणमोजणी: बिनधास्त काढा. अमेरिकी पेटंट ६३८४८२२ चा अर्ज १९९९ चा, मंजुरी ७ मे २००२ ची. अर्जापासून २० वर्षं धरली की २०१९ मध्येच मुदत संपली.

तोडगा मात्र झकास आहे. डेप्थ-फेलमध्ये व्हॉल्यूमची मागची बाजू डेप्थ टेस्टला (समोर काही आड येतंय का ही तपासणी) नापास झाली की स्टेन्सिल (दर पिक्सेलचा मोजणीचा आकडा) +१, पुढची नापास झाली की −१. आता नापास म्हणजे एकूण वजा पास. म्हणून आधी टेस्टचा निकाल काहीही लागो, मागच्या बाजूंना +१ आणि पुढच्यांना −१ करून घ्यायचं. मग नेहमीचा डेप्थ-पास, पुढची पास झाली की +१, मागची −१. बेरीज तीच येते, पण पेटंटमधली 'नापास झाल्यावर मोजा' ही पायरी कुठेच येत नाही.

बदल करताना दोन गोष्टी जपा. व्हॉल्यूमची दोन्ही टोकं बंद हवीत आणि फार प्लेनने (कॅमेऱ्याला दिसणाऱ्या अंतराची शेवटची सीमा) मागचं टोक कापता कामा नये, नाहीतर सावलीला भोकं पडतात. डेप्थ क्लॅम्प (सीमेपलीकडचं न कापता सीमेवरच धरणं) लावा किंवा प्रोजेक्शन मॅट्रिक्समध्ये फार प्लेन अनंतावर न्या. आणि इन्क्रिमेंट-डिक्रिमेंट रॅपवालेच (शून्याखाली गेल्यावर कमाल आकड्याकडे वळणारे) घ्या. साधं डिक्रिमेंट शून्यावर अडकतं आणि मोजणी चुकते.

कलमबहाद्दर: 'मी स्वतः शोधलं' हा बचाव कॉपीराइटमध्ये चालतो, पेटंटमध्ये नाही. कार्मॅकला हे २००० मध्ये सुचलं, अर्ज त्याआधीचा. एनव्हिडियाच्या सिम डिट्रिचने मार्च १९९९ च्या जीडीसी या गेम डेव्हलपरांच्या परिषदेत हेच तंत्र मांडलं होतं. पण तेव्हा अमेरिकेत आधी शोध कुणाचा हे बघत, आणि जाहीर झाल्यावर वर्षभरात केलेला अर्जही चालत असे. त्यामुळे नुसत्या त्या भाषणाने पेटंट पडलं नसतं. डूम ३ बनवणाऱ्या इडने शेवटी २००४ मध्ये क्रिएटिव्हशी करार केला, त्यात डूम ३ ला क्रिएटिव्हच्या ईएएक्स ध्वनितंत्राचा आधार देणं आलं. भारतात पेटंट कायद्याचं कलम ३(के) निव्वळ प्रोग्राम आणि अल्गोरिदम वगळतं, पण विक्री अमेरिकेत असेल तर तिथलाच कायदा लागू.

व्हॉक्सेलकर: पेटंट राहू द्या, डूम ३ चा कोड जीपीएल ३ या खुल्या परवान्यावर आहे. इंजिन विकाल तर सोर्सही द्यावा लागेल, हे आधी ठरवा.

बाकी पेटंटवाली जुनी तंत्रं: एस३टीसीचं (टेक्स्चर दाबून लहान करणं) मुख्य पेटंट ऑक्टोबर २०१७ मध्ये संपलं, सिम्प्लेक्स नॉइजचं (नैसर्गिक वाटणारे विस्कळीत नमुने बनवणं) जानेवारी २०२२ मध्ये. मार्चिंग क्यूब्ज (त्रिमित डेटातून पृष्ठभाग काढणं) २००५ पासूनच मोकळं आहे. जून १९९५ पूर्वीच्या अर्जांना मंजुरीपासून १७ किंवा अर्जापासून २० वर्षं, यातली उशिराची तारीख लागते. कुठलंही पेटंट तपासताना गोषवारा वाचून घाबरू नका, स्वतंत्र क्लेम (हक्क नेमका कशावर ते सांगणारी मुख्य वाक्यं) वाचा. त्यातली एखादी पायरी जरी तुमच्या कोडमध्ये नसेल, तर सहसा शब्दशः उल्लंघन होत नाही.