खडकाळ तळावरच्या तांबोशीसाठी रीळ कोणते घ्यावे आणि गरवावे कसे?

निळी_भरती

नमस्कार मंडळी. चार वर्षे खाडीत आणि किनाऱ्यावरून गरवल्यानंतर या हंगामापासून मी मित्राच्या होडीतून खडकाळ तळावर तांबोशी, म्हणजे स्नॅपर, गरवायला जाऊ लागलो आहे. पाणी 15 ते 35 मीटर खोल असते. माझ्याकडे 3000 आकाराचे स्पिनिंग रीळ आहे, त्यावर 20 पौंडी ब्रेडेड (विणलेली) दोरी आहे आणि तिच्या पुढे जेमतेम मीटरभर तंगूस लीडर, म्हणजे गळाकडचा शेवटचा तुकडा, म्हणून बांधतो. आमिष बहुधा माकुलाची पट्टी किंवा अर्धी तारली असते.

गेल्या तीन फेऱ्यांत पाच मोठे मासे लागले आणि पाचही गेले. दर वेळी घडते ते सारखेच. रॉडचे टोक दोनदा हलके थरथरते, मग रॉड एकदम पाण्याकडे वाकतो, ड्रॅग (जास्त ताण आला की दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक) करकरत दोन-तीन मीटर दोरी सोडतो आणि त्यानंतर सगळे थांबते. हाताला मासा लागत नाही, दगड लागतो. दोरी ओढून वर घेतली की लीडर गेलेला असतो आणि ब्रेडचे शेवटचे वीतभर टोक कापसासारखे पिंजलेले असते.

आता नवीन रीळ घ्यायचे ठरवले आहे. मोठ्या आकाराचे स्पिनिंग रीळ घ्यावे की ओव्हरहेड (रॉडच्या वर बसणारे, ज्यात दोरीचा स्पूल स्वतः फिरतो), हे मला ठरवता येत नाही. शिवाय जास्त गिअर रेशोचे, म्हणजे दांड्याच्या एका फेऱ्यात जास्त दोरी गोळा करणारे, रीळ घेतले तर मासा कपारीत शिरण्याआधी त्याला वर ओढता येईल का, की दोष माझ्या गरवण्याच्या पद्धतीतच आहे, हेही जाणकारांनी सांगावे.

जुना_गरवेकर

तुमच्या वर्णनातले सर्वांत महत्त्वाचे शब्द ‘दोन-तीन मीटर दोरी सोडतो’ हे आहेत. ल्युट्जानिडी कुळातली तांबोशी लांब पल्ल्याने पळणारा मासा नाही. ती कपारीच्या तोंडाशी उभी राहते, आमिष तोंडात घेते आणि आली त्याच वाटेने माघारी वळते. तिला घर गाठायला जेवढे अंतर लागते, नेमके तेवढेच तुमचा ड्रॅग तिला देतो. म्हणून रिळाचा विचार वेगापासून न करता ड्रॅगपासून करावा, असे माझे ठाम मत आहे.

नवीन रीळ घेण्याआधी एक काम करा. साधा स्प्रिंगचा वजनकाटा दोरीच्या टोकाला बांधा, रॉड 45 अंशांत धरा आणि दुसऱ्या माणसाला काटा सावकाश ओढायला सांगा. दोरी सुटू लागते तेव्हा काट्यावर दिसणारा आकडा हाच तुमचा खरा ड्रॅग. तो दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका असावा. 20 पौंडी दोरी म्हणजे सुमारे 9 किलो, तेव्हा ड्रॅग सव्वादोन ते तीन किलो हवा. मी पहिल्यांदा मोजले तेव्हा हाताच्या अंदाजाने चार किलो धरून चाललो होतो आणि काट्याने दीड दाखवला. बोटांनी दोरी ओढून ड्रॅग ठरवणारे बहुतेक जण असेच फसतात, कारण बारीक ब्रेड बोटाला कापते आणि त्या कापण्यालाच आपण ताकद समजतो.

खडकावर मी 40 ते 50 पौंडी ब्रेड वापरतो आणि ड्रॅग पाच किलोंच्या आसपास ठेवतो. इथे रिळाच्या आकाराचा प्रश्न येतो. लहान रिळावरही कमाल ड्रॅगचा मोठा आकडा छापलेला असतो, पण त्या कमाल मर्यादेच्या जवळ ते एकसारखे चालत नाही. ड्रॅगच्या आतल्या चकत्या लहान असल्याने लवकर तापतात, अंग पिळवटते आणि दांडा जड होतो. 5000 किंवा 6000 आकाराचे रीळ घ्यायचे ते याच कारणासाठी. जास्त दोरी मावते हे कारण इथे गौण आहे, कारण 35 मीटर पाण्यात 200 मीटर दोरी पुरून उरते.

आणखी एक गोष्ट स्पूलवरची दोरी कमी होताना घडते. ड्रॅगची पकड तीच राहते, पण दोरी ज्या वर्तुळावरून सुटते ते लहान होत जाते आणि त्या प्रमाणात दोरीवरचा ताण वाढतो. भरलेल्या स्पूलचा व्यास 50 मिलिमीटर असताना चार किलोंवर लावलेला ड्रॅग, दोरी 40 मिलिमीटरवर उतरली की पाच किलोंचा होतो. मासा पळत असताना घाबरून ड्रॅग आणखी आवळणाऱ्याची दोरी का तुटते, ते यातून कळेल. स्पूल काठापासून दोन मिलिमीटरपर्यंत भरलेला ठेवा आणि ब्रेडच्या खाली थोडी तंगूस गुंडाळा, नाहीतर गुळगुळीत स्पूलवर सगळी ब्रेडच घसरून फिरते आणि तुम्ही ड्रॅगला दोष देत बसता.

गिअर रेशोबद्दल सांगायचे तर 50 मिलिमीटर व्यासाचा स्पूल 6 : 1 रेशोने एका फेऱ्यात सुमारे 94 सेंटिमीटर दोरी घेतो आणि 4.9 : 1 रेशोने 77 सेंटिमीटर. फरक दिसतो तेवढा कामाचा नाही, कारण वाकलेल्या रॉडवर जड मासा असताना वेगाच्या रिळाचा दांडा फिरवायलाच जास्त जोर लागतो. तळापासून पहिले पाच मीटर मासा उचलायचा असतो तो रॉडने. दांडा फक्त मिळालेली ढील गोळा करतो.

संथ_उतार

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण पद्धत ठरल्याशिवाय रीळ ठरवू नये, एवढी भर घालतो.

मुळात ‘स्नॅपर’ हे नाव निरनिराळ्या माशांना आहे आणि त्यावरून पुष्कळ सल्ले चुकीच्या जागी लागू होतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ज्याला स्नॅपर म्हणतात तो क्रायसोफ्रिस ऑराटस ल्युट्जानिडी कुळातला नसून स्पॅरिडी कुळातला आहे. तो खडकाळ तळावर असतो तसा वाळू-चिखलाच्या तळावरही चरत फिरतो आणि आमिष घेऊन काही अंतर निघून जातो. त्याच्यासाठी स्पूल मोकळा सोडणारी कळ असलेले रीळ उत्तम, कारण माशाला भार न जाणवता आमिष नेऊ देता येते. तीच कळ आपल्या तांबोशीसाठी वापरली तर आपण तिला स्वतःच्या हाताने कपारीत पोहोचवतो. तुम्ही वाचलेल्या किंवा पाहिलेल्या सल्ल्यात माशाला ‘जाऊ द्या’ असे असेल, तर तो सल्ला कोणत्या माशासाठी आहे ते आधी तपासा.

तुमच्या पद्धतीत मला खटकते ते जड शिसे. तुम्ही वजन लिहिलेले नाही, पण टोक दोनदा थरथरून मग एकदम वाकते, यावरून आमिष तळाशी टेकलेले असते असे वाटते. मासा कपारीतून बाहेर यावा लागेल असे आमिष ठेवायला हवे. न्यूझीलंडमधले लोक स्ट्रेलायनिंग (हलके आमिष प्रवाहाबरोबर वाहू देणे) करतात त्या धर्तीवर मी गळाला लागून छोटेसे घरंगळते शिसे ठेवतो, प्रवाह मंद असेल तर तेही ठेवत नाही, आणि आमिष पाण्याच्या ओढीबरोबर तिरके उतरू देतो. होडी खडकाच्या वर नांगरत नाही. प्रवाहाच्या वरच्या अंगाला नांगरतो, म्हणजे आमिष खडकाच्या कडेकडे वाहत जाते आणि मासा वर उठून पुढे येतो. तांबोशी तळापासून चार-पाच मीटर वर आली की अर्धे काम तिनेच केलेले असते.

उधाणाच्या (मोठ्या भरती-ओहोटीच्या) दिवसांत हे जमत नाही, ओढ जास्त असते आणि जड शिसे लावावेच लागते. भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत, विशेषतः पाणी उलटण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या तासाभरात, ही पद्धत फार सुंदर चालते. बारीक दोरीचा फायदाही इथेच कळतो: त्याच ताकदीच्या तंगुसाच्या साधारण निम्म्या जाडीची ब्रेड असल्याने प्रवाह तिला कमी ढकलतो आणि हलके शिसेही तळापर्यंत जाते.

लीडर मात्र मीटरभर पुरणार नाही. ब्रेड ताणाखाली असताना दगडाला नुसती घासली तरी तुटते, आणि तुमचे पिंजलेले टोक तेच सांगते. 60 पौंडी फ्लोरोकार्बन किंवा जाड तंगूस तीन मीटर ठेवा. ब्रेडला ती एफजी गाठीने जोडा, कारण ही गाठ बारीक असते आणि रॉडवरच्या गाईडमधून (कड्यांतून) जाताना अडखळत नाही. दर माशानंतर गळाजवळचा हातभर लीडर दोन बोटांत धरून चाचपा. खरखर लागली की तेवढा तुकडा कापून गळ पुन्हा बांधा.

निळी_भरती

दोघांचेही मनापासून आभार. काल घरी वजनकाट्यावर ड्रॅग मोजला. 1.3 किलो भरला, आणि तो मी पुरेसा घट्ट समजत होतो. दुसरी गोष्ट अशी लक्षात आली की काटा आधी दोन किलोंपर्यंत चढतो, मग झटका बसतो आणि नंतर 1.3 वर येतो. असे का होत असावे? शिसे मी 120 ग्रॅमचे वापरतो, म्हणजे संथ_उतार यांचा अंदाज बरोबर आहे.

अजून एक विचारतो. सर्कल हुक वापरावेत का? आणि लहान मासे सोडून देतो तेव्हा त्यांतले काही पोट फुगून वरच तरंगत राहतात. ते बघवत नाही.

जुना_गरवेकर

झटका बसतो तो चकत्या एकमेकींना चिकटल्यामुळे. रीळ ड्रॅग आवळलेल्या स्थितीत ठेवून दिले की चकत्या दबून राहतात आणि पहिल्या ओढीला सुटत नाहीत. माझी एक भली मोठी तांबोशी याच कारणाने होडीच्या काठाशी, डोळ्यांसमोर तुटली आहे. मासा थकून थांबला होता, ड्रॅग क्षणभर स्थिर झाला, त्याने शेवटची बुडी मारली आणि दोरी सुटण्याआधीच गाठ गेली. त्या दिवसापासून घरी आल्यावर ड्रॅगची चावी सैल करण्यात मी कधी चुकलेलो नाही. रीळ धुताना मात्र ती आवळलेली असावी, म्हणजे पाणी आत जात नाही, आणि धार जोराची नसावी. तुमच्या रिळातल्या चकत्या फेल्टच्या असतील तर त्या बदलून कार्बनच्या बसवा. त्या ताप जास्त सोसतात आणि सुरुवातीचा झटका बराच कमी होतो.

स्पिनिंग रिळाबद्दल एक सवय आत्ताच मोडून टाका. ड्रॅग दोरी सोडत असताना दांडा फिरवू नका. दोरी आत येत नाही, आणि 6 : 1 रेशोच्या रिळात दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला दोरीत सहा पीळ पडतात. मासा गेला तरी ते पीळ तुमच्याकडेच राहतात.

तळवेध

ओव्हरहेड रिळाची बाजू अजून कोणी मांडलेली नाही, म्हणून लिहितो. होडीतून सरळ खाली गरवायचे असेल तर माझ्या मते ओव्हरहेडच घ्यावे. स्पिनिंग रिळात दोरी रोलरवर काटकोनात वळते आणि तिथे जोर वाया जातो. ओव्हरहेडमध्ये ती सरळ फिरत्या स्पूलवर येते, पीळ पडत नाही आणि आमिष उतरताना अंगठा स्पूलवर असल्याने हलका स्पर्शही कळतो. उतरतानाच मासा घेतो तेव्हा दोरी अचानक वेगाने सुटू लागते किंवा थांबते, आणि अंगठ्याला ते डोळ्यांआधी समजते. हलके आमिष लांब फेकायचे असेल तेव्हा मात्र ओव्हरहेड नवख्याला छळते, स्पूल दोरीपेक्षा जोरात फिरतो आणि दोरीचे घरटे होते. संथ_उतार यांची पद्धत तुम्हाला आवडली असेल तर 5000 चे स्पिनिंग घ्या. जिगिंग (धातूचे कृत्रिम आमिष वरखाली हलवत गरवणे) करणार असाल किंवा जपानमध्ये मादाईसाठी, म्हणजे तिथल्या लाल सी ब्रीम माशासाठी, वापरतात तसे ताई-रबर (रबरी झालरीचे जड कृत्रिम आमिष) सोडणार असाल तर ओव्हरहेड घ्या. ताई-रबर तळाला टेकताच एकाच संथ गतीने वर घ्यायचे असते. मासा टोचू लागला तरी झटका न देता तीच गती ठेवायची, आणि त्या एकसारख्या गतीसाठी कमी रेशोचे रीळ फार उपयोगी पडते.

सर्कल हुक जरूर वापरा. त्याचे टोक दांडीकडे वळलेले असते, म्हणून तो घशातून सरकत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. अट एकच आहे, झटका द्यायचा नाही. रॉड खाली ठेवून दोरी गोळा करा आणि भार आला की रॉड सावकाश पण न थांबता उचला. बाजूला वाकवलेल्या टोकाचे सर्कल हुक घेऊ नका, त्यात हा गुण कमी होतो.

फुगलेल्या माशांबद्दल तुम्ही विचारलेत, याचे फार समाधान वाटले. 30 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, त्यामुळे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीतली हवा वर येईपर्यंत चौपट फुगते आणि आतड्या-पोटाला बाहेर ढकलते. तोंडातून बाहेर आलेला फुगा दिसतो तो हवेची पिशवी नसून माशाचे जठर असते. त्याला सुई टोचू नका. माशाला पुन्हा खोल पाठवणे हाच सोपा उपाय आहे. जड शिशाला काटा घासून काढलेला गळ उलटा बांधा, तो खालच्या ओठात हलकेच अडकवा आणि मासा तळापर्यंत उतरवा. दाब वाढला की हवा आपोआप आकसते आणि एका हिसक्यात गळ सुटतो. मेक्सिकोच्या आखातातला रेड स्नॅपर 50 वर्षांहून अधिक जगलेला आढळला आहे, तेव्हा सोडलेल्या पोराला अजून पुष्कळ आयुष्य असते. शिसे माशाच्या वजनाच्या मानाने चांगले जड घ्या, नाहीतर फुगलेला मासा त्यालाही वर धरून ठेवतो. मी तुमचे ते 120 ग्रॅमचे शिसे या कामासाठी राखून ठेवले असते, आणि मोठ्या माशासाठी त्याच्या चौपट वजन वेगळे ठेवले असते.

निळी_भरती

5000 चे स्पिनिंग घेण्याचे नक्की केले. पुढचा भांग आठ दिवसांवर आहे, तोवर एफजी गाठ रोज बांधून बघतो.