मदत हवी आहे: आईचे जुने रिपोर्ट 'आभा'ला जोडले जात नाहीत

आईचा १४ अंकी आभा क्रमांक (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट, म्हणजे रिपोर्ट एकत्र जोडायचं सरकारी डिजिटल आरोग्य खातं) आधारवरूनच काढलाय, मोबाईल तोच, ओटीपी येतो. हॉस्पिटलमध्ये काउंटरवरचा क्यूआर स्कॅन करून नोंदणी केल्यापासूनचे रिपोर्ट अ‍ॅपमध्ये दिसतात. त्याआधीचे, म्हणजे एको आणि अँजिओग्राफी, नेमके तेच नाहीत. अ‍ॅपमध्ये हॉस्पिटल शोधून केसपेपर नंबर टाकला, तरी नोंद सापडत नाही. माझा संशय जन्मसालावर: आधारवर १९५८, केसपेपरवर १९५६ (वय अंदाजे सांगायची आपली सवय!). काउंटरवाले सॉफ्टवेअरवाल्यांकडे बोट दाखवतात. कागद स्कॅन करून चढवता येतात हे माहीत आहे, पण मूळ नोंदच हवी. आधारवरचं साल बरोबर आहे. हॉस्पिटलने केसपेपरवरचं साल दुरुस्त केलं की मला अ‍ॅपमधून जोडता येईल, की प्रत्येक जुनी नोंद त्यांनाच त्यांच्या बाजूने जोडावी लागते?