आजीच्या वहीतला नाताळचा केक: ‘अच्छेर’ म्हणजे किती, आणि केक मध्यभागी का बसतो?

प्रश्न: मिरजेची नात (सांगली)

नमस्कार. माझी आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात, म्हणजे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या रुग्णालयात, परिचारिका होती. आमच्याकडे नाताळच्या करंज्या, शेव आणि चकल्या आई व काकू करीत असत, पण केकला आजी शेवटपर्यंत दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसे. ती गेल्यापासून आमचा केक दुकानातून येतो. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत तिची वही सापडली आणि त्यात केकची नोंद मिळाली, ती जशीच्या तशी देते:

“लोणी अच्छेर, साखर अच्छेर, मैदा अच्छेर, अंडी बारा, बेदाणे पाव, काजू छटाक, जायफळ निम्मे, लिंबाची साल, जाळलेल्या साखरेचे पाणी रंगापुरते. खूप फेसणे. पाव निघाल्यावर ठेवणे.”

शेजारच्या आजोबांनी अच्छेर म्हणजे अर्धा किलो धरा असे सांगितले, म्हणून मी सगळ्याचे निम्मे प्रमाण घेतले: लोणी, साखर आणि मैदा प्रत्येकी २५० ग्रॅम व सहा अंडी. वहीत बेकिंग पावडर नाही. ती लिहायची राहिली असावी असे समजून मी दोन चहाचे चमचे घातली. आठ इंची डब्यात ओतून १८० अंशांवर पन्नास मिनिटे भाजले. वरून रंग सुरेख आला, परंतु बाहेर काढल्यावर मधला भाग खाली बसला, आत कच्चट राहिला आणि सगळे बेदाणे तळाशी जाऊन त्यांचा थर झाला. “पाव निघाल्यावर ठेवणे” या वाक्याचा अर्थही मला लागलेला नाही. पाव तास थांबून ठेवणे असे तिला म्हणायचे असेल का? नाताळला अजून तीन आठवडे आहेत. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: जुनी मापे (सांगली)

ताई, तुमच्या आजींची नोंद अपुरी नाही, ती पूर्ण आहे. अच्छेर म्हणजे अर्धा शेर. ८० तोळ्यांचा शेर धरला तर तो सुमारे ९३३ ग्रॅम होतो, म्हणजे अच्छेर ४६७ ग्रॅम, पावशेर २३३ ग्रॅम आणि छटाक ५८ ग्रॅम. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर किलो-ग्रॅम रुळले, तरी त्या पिढीच्या हातातून शेर लवकर गेला नाही. गावोगावचे शेर वेगळे असत आणि धान्याचा मापी (भांड्याने मोजायचा) शेर तर निराळाच, त्यामुळे सावध राहणे योग्यच. मात्र मापाने मोजायचे असते तर आजींनी चिपटे-मापटे लिहिले असते. येथे लोणी, साखर आणि मैदा तिन्ही एकाच वजनाचे आहेत आणि उत्तर अंड्यांत आहे.

हा समभाग केक आहे. लोणी, साखर, मैदा आणि कवचाविना अंडी या चौघांचे वजन सारखे असावे लागते. आजींची बारा अंडी गावरान असणार. गावरान अंडे लहान असते, कवच काढल्यावर ते ३५ ते ४० ग्रॅम भरते, म्हणजे बारा अंड्यांचे ४२० ते ४८० ग्रॅम झाले आणि अच्छेराशी हिशेब जुळला. आज पोल्ट्रीचे अंडे कवचाविना ५० ग्रॅमच्या आसपास असते. तुमच्या सहा अंड्यांचे ३०० ग्रॅम झाले, तेव्हा पाचच पुरेशी होती. अर्धा किलो धरल्याने बिघडले नाही, कारण तिन्ही जिन्नस एकाच प्रमाणात वाढले. बिघडले ते वाढीव अंड्याच्या ओलाव्याने.

बेकिंग पावडर लिहायची राहिली नाही, ती या केकात नव्हतीच. “खूप फेसणे” हेच तिचे काम करते: लोणी आणि साखर पांढरी व हलकी होईपर्यंत फेसताना जी हवा कोंडली जाते, तीच भट्टीत फुगते. तुम्ही वरून दोन चमचे पावडर घातली, तिचे बुडबुडे मैदा आणि अंडे घट्ट होण्याआधीच मोठे होऊन एकमेकांत मिसळले व फुटले, आणि मध्यभाग खाली आला. आधीच पातळ झालेल्या मिश्रणाने बेदाणे तरी कसे धरून ठेवायचे? धीर होत नसेल तर पाव चमचा घाला, त्याहून अधिक नको.

प्रतिसाद: भट्टीवाल्यांचा मुलगा (मिरज)

“पाव निघाल्यावर” हे वाचून मला वडिलांची आठवण झाली. हा पाव तासाचा किंवा शेराचा नव्हे, हा खायचा पाव आहे. आमच्या बेकरीत लाकडाची भट्टी होती. आत जाळ करून विटा तापल्या की निखारे ओढून काढायचे, ओल्या गोणपाटाने फरशी पुसायची आणि पहिल्या कडक उष्णतेत पाव लावायचे. पाव निघाल्यावर भट्टी उतरणीला लागे. नाताळच्या आठवड्यात त्या उतरत्या उष्णतेसाठी ख्रिस्ती कुटुंबे घरून मिश्रणाने भरलेले डबे घेऊन येत आणि प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवलेली असे. वडील मैद्याची चिमूट फरशीवर टाकत आणि ती लगेच करपली तर डबे बाहेरच थांबवत. सावकाश तांबूस झाली की मगच आत सरकवत.

तुमच्या आजींचा केक हा उतरत्या भट्टीचा आहे. १८० अंशांना त्याची कड आणि वरचा पापुद्रा आधी धरला आणि मधला भाग मागे राहिला. १५५ ते १६० अंश ठेवा, आठ इंची डब्याला सव्वा ते दीड तास द्या, डब्याला आतून कागद लावा आणि बाहेरून जाड खाकी कागदाची दुहेरी पट्टी बांधा. पहिला तासभर दार उघडू नका. विणायची सुई मध्यभागी घालून कोरडी निघाली तरच बाहेर काढा, वरचा रंग पाहून ठरवू नका.

लोण्याविषयीही सांगणे आवश्यक आहे. बाजारातल्या लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो. घरच्या लोण्यात ताक राहिले असेल तर तेवढे पाणी केकात जाते. थंड पाण्याने दोनदा धुऊन, दाबून पाणी काढून मगच तोलावे. अंडी फ्रीजमधून काढून लगेच घालू नयेत, मिश्रण फाटते. एकेक अंडे फेटून थोडे थोडे घालावे.

प्रतिसाद: वाईकर काकू

बेदाण्यांबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे तासगावचेच येतात. द्राक्षे वाळवण्यापूर्वी ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, त्यामुळे सालीवरचा मेणाचा थर पातळ होऊन द्राक्ष लवकर सुकते. म्हणून बेदाणे कोमट पाण्याने धुवावेत, पण धुतल्यावर कापडावर रात्रभर पसरून पूर्ण कोरडे करावेत. ओला बेदाणा जड होतो आणि खाली जातो. मोजलेल्या मैद्यातलाच एक चमचा त्यांना चोळून शेवटी घालावा. आमच्या घरी दारू चालत नसे, तेव्हा आई बेदाणे संत्र्याच्या रसात दोन दिवस मुरवी आणि निथळून, टिपून मग वापरी. असा केक रममध्ये मुरवलेल्या केकइतका टिकत नाही, म्हणून फार आधी करून ठेवू नका.

साखर जाळताना ती काळपट तांबडी होऊन कडांना फेस येताच आच बंद करावी आणि पाणी उकळतेच घालावे. गार पाणी घातले तर पाक उसळून हातावर येतो. मुलांना जवळ उभे करू नये.

मिरजेची नात (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा केला: २३३ ग्रॅमचा हिशेब, वजन करून पाच अंडी, पावडर अजिबात नाही, १६० अंशांवर एक तास पंचवीस मिनिटे. फेसायलाच मला पाऊण तास लागला आणि हात भरून आला, पण केक मध्ये बसला नाही. बेदाणे वरपासून खालपर्यंत आहेत. एक कड किंचित कोरडी झाली, कारण कागदाची पट्टी मी एकेरीच बांधली होती.

मिरजेहून आत्या आली होती. डबे बेकरीत पोहोचवायला लहानपणी तीच जात असे, हे मला कालच कळले. तिने तुकडा खाल्ला, थोडा वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली की आई लिंबाची साल याहून जास्त घालत असे. वहीत आकडा नाही, म्हणून २२ तारखेच्या केकात दोन लिंबांची साल किसून घालणार आहे. आत्या त्या दिवशी सकाळीच येणार आहे.