मदत हवी आहे: नेरळमध्ये मुंबईचं एफएम नीट लागण्यासाठी कोणता अँटेना?

नेरळ_पूर्व

नमस्कार मंडळी. नेरळ स्टेशनच्या पूर्वेला तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर आहे. ऐकायची आहेत मुख्यतः दोन स्टेशनं, एफएम गोल्ड १००.७ आणि एफएम रेनबो १०७.१. ट्यूनर (रेडिओ पकडणारा डबा) अॅम्प्लिफायरला जोडलेला आहे आणि मागे ७५ ओहमचं गोल सॉकेट आहे, जुन्या टीव्हीला असायचं तसं. ट्यूनरबरोबर आलेली टी आकाराची चपटी वायर पडद्यामागे टाचली आहे.

सध्याची परिस्थिती: १००.७ लागतं, पण मागे सतत सूऽऽ आवाज, आणि निवेदकाचे 'स' आणि 'श' फाटतात. १०७.१ दुपारी बरं असतं, संध्याकाळी सातनंतर गुरगुरीत बुडून जातं. दुकानदार टीव्हीचा अँटेना आणि बूस्टर घ्या म्हणतोय. सोसायटीची गच्चीला हरकत नाही. काय घ्यावं? (न्यूजऑनएअर अॅप माहीत आहे, कृपया तो सल्ला नको.)

खरखर

घाई करू नका. तुमच्या एका तक्रारीत तीन वेगवेगळे आजार आहेत, आणि तिघांचं औषध एक नाही.

सतत सूऽऽ म्हणजे सिग्नल कमी. ट्यूनरवर मोनोचं (दोन्ही स्पीकरना एकच आवाज देण्याचं) बटण असेल तर दाबून पाहा. स्टिरिओला मोनोपेक्षा साधारण २० डेसिबल जास्त सिग्नल लागतो, म्हणजे शंभरपट. मोनोत आवाज स्वच्छ झाला तर तुम्ही काठावर आहात, चांगल्या अँटेनाने काम होईल.

'स', 'श' फाटणं हे बहुतेक परावर्तनाचं लक्षण. तोच सिग्नल दोन वाटांनी, थोड्या वेळाच्या फरकाने येतो. तुमच्या पश्चिमेला माथेरान-पेब-नाखिंडची डोंगररांग आहे, त्यामुळे मुंबईकडून थेट येणारा सिग्नल आधीच पडलेला. उलट पूर्वेला २० किलोमीटरवर भीमाशंकरकडची सह्याद्रीची भिंत माथेरानपेक्षा उंच उभी आहे. तिच्यावर आपटून मागे येणारा सिग्नल जाऊन-येऊन ४० किलोमीटर जास्त फिरतो, म्हणजे सव्वाशे मायक्रोसेकंदांहून जास्त उशीर. बूस्टर लावलात तर दोन्ही सिग्नल सारखेच वाढतील, फाटणं तसंच राहील. इथे एका दिशेने ऐकणारा आणि पाठीकडून कमी ऐकणारा अँटेनाच हवा.

संध्याकाळी सातनंतरची गुरगुर मात्र मुंबईहून येत नाही. ती तुमच्या इमारतीतली आहे, दिव्यांची.

तारवाला

खरखर यांना +१. शेवटचा मुद्दा आधी तपासा, त्याला काही खर्च नाही. सेलवर चालणारा छोटा रेडिओ १०७.१ च्या शेजारी, जिथे काहीच स्टेशन नाही अशा जागी लावा. गुरगुर ऐकू येत असताना घराचा मेन स्विच पाडा. थांबली तर दोषी घरातच आहे. मग एकेक एमसीबी चढवत जा. स्वस्त एलईडी बल्ब आणि मोबाईलचे चार्जर हे नेहमीचे गुन्हेगार, त्यानंतर राउटरचा अॅडाप्टर आणि टीव्हीची एचडीएमआय वायर. सुरू असलेल्या बल्बपाशी रेडिओ नेला की गुरगुर वाढते, म्हणजे नेमका कोणता तेही कळतं. मेन पाडूनही थांबली नाही तर ती शेजारच्या घरातली किंवा जिन्यातली. मग अँटेना गच्चीवर नेणं हाच उपाय, कारण या उपद्रवापासून दोन-तीन मीटर लांब गेलं तरी खूप फरक पडतो.

आता चाचणीचा अँटेना. विकत काही घेऊ नका. वायरिंगची १ चौरस मिलिमीटरची तार घ्या, ६८ सेंटिमीटरचे दोन तुकडे करा. दीड मीटर पीव्हीसी पाइपावर (वायरिंगचाच, २० मिलिमीटरचा) एका रेषेत बांधा, मधे दोनेक सेंटिमीटर फट. एका तुकड्याला आरजी-६ केबलची (केबल टीव्हीला असते ती गोल वायर) मधली तार, दुसऱ्याला तिच्याभोवतीची जाळी. केबल अँटेनाशी काटकोनात मागे न्या आणि तिथेच १५ सेंटिमीटर व्यासाचे ६-७ वेढे घालून चिकटपट्टी लावा. हे वेढे टाळू नका. ते नसले की केबलची जाळीच अँटेना होऊन बसते आणि घरातली सगळी गुरगुर वर घेऊन जाते.

माप कुठून आलं: १४३ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. तुमच्या दोन स्टेशनांचा मध्य १०४ धरला तर १.३७ मीटर, त्याचे दोन भाग.

गच्चीवर हा पाइप आधी आडवा धरून चहूकडे फिरवा, मग उभा धरा. आडवा-उभा दोन्ही करून पाहायचं, कारण डोंगर ओलांडताना लहरींचं ध्रुवीकरण (त्या आडव्या येतात की उभ्या) बिघडतं, कागदावरचं उत्तर जागेवर खरं ठरेलच असं नाही. आणखी एक: डोंगराच्या सावलीत सिग्नलचे पट्टे पडतात. तरंगलांबी ३ मीटर, त्यामुळे मीटर-दीड मीटर बाजूला सरकल्यावर स्टेशन उठतं किंवा बसतं. खांब कुठे रोवायचा हे त्यावरूनच ठरवा, टाकीजवळ सोपं पडतं म्हणून टाकीजवळ नको. टाकीच्या आत पाणी, बाहेर लोखंडी शिडी, दोन्ही वाईट.

चाचणी पहाटे करू नका. थंडीत आणि मार्च ते मे या काळात कधीकधी किनाऱ्यालगत हवेच्या थरांतून लांबची स्टेशनंही घुसतात. तेव्हा काठीसुद्धा उत्तम अँटेना वाटते. दुपार बरी.

नेरळ_पूर्व

खूप आभार. दोन दिवसांत केलेलं लिहितो. मेन पाडला की गुरगुर जवळजवळ संपते. दोषी हॉलमधले दोन बल्ब आणि एक चार्जर. ते बदलले, आता १०७.१ रात्रीही लागतं, पण सूऽऽ आहेच. गच्चीवर तारेचा अँटेना उभा धरला तर आडव्यापेक्षा स्पष्टपणे जास्त सिग्नल, दोन्ही स्टेशनांना. मोनोत छान. स्टिरिओत सूऽऽ आणि 'स' फाटणं दोन्ही अजून आहे. उभा धरल्यावर फिरवून काहीच फरक पडला नाही, माझं काही चुकलं का?

अजून एक, गच्चीवर दूरदर्शनच्या काळातला काड्यांचा अँटेना पडून आहे. तो चालेल का?

डेसिबल

काही चुकलं नाही. उभा डायपोल (तुमचा दोन तुकड्यांचा तारेचा अँटेना) चारही बाजूंनी सारखाच ऐकतो, म्हणून फिरवून फरक नाही. आणि म्हणूनच पूर्वेकडचं परावर्तनही तो तितक्याच आवडीने घेतो. तुम्हाला तीन काड्यांचा यागी (एका दांडीवर ओळीने काड्या बसवलेला, एका दिशेने ऐकणारा अँटेना) पुरेल, काड्या उभ्या ठेवून. पाच काड्यांचा घेतलात तर लाभ (समोरून मिळणारा जास्तीचा सिग्नल) थोडा वाढेल, पण वारा आणि माकडं दोन्हींचा ताण वाढेल.

जुना अँटेना आहे तसा लावू नका. दूरदर्शनचे अँटेना एक तर ४७ ते ६८ मेगाहर्ट्झसाठी कापलेले किंवा १७४ ते २३० साठी. एफएम मधे पडतं. लांब काड्यांचा असेल तर गंमत होते: पुढच्या काड्या एफएमला जास्त लांब पडतात आणि सिग्नल पुढे ओढण्याऐवजी अडवतात. मुंबईकडे तोंड करून लावलात तर तो सह्याद्री ऐकेल. पण अॅल्युमिनियम फुकट आहे, ते वापरा. हॅकसॉने कापून ही मापं करा (काडी १० ते १२ मिलिमीटर जाड धरून):

मागची काडी १४८ सेंटिमीटर, अखंड.
मधली एकूण १३७, मधोमध कापून २ सेंटिमीटर फट, केबल इथे.
पुढची १२५, अखंड.
मागची ते मधली अंतर ५८, मधली ते पुढची ४५.

पुढची काडी लांब ठेवण्याचा मोह नको. ती सगळ्यात वरच्या स्टेशनाला, इथे १०७.१ ला, अर्ध्या तरंगापेक्षा तोकडीच हवी. नाहीतर वर सांगितलेला दूरदर्शनचा प्रकार होतो. खासगी स्टेशनंही हवी असतील (९१.१, ९२.७, ९३.५) तर मागची १६० आणि मधली १४३ करा, पुढची आहे तीच. खालच्या स्टेशनांना लाभ कमी मिळेल, पण चालेल.

काड्या ज्यावर बसतात ती आडवी दांडी पीव्हीसीची किंवा सागाच्या पट्टीची घ्या, म्हणजे वरची मापं जशीच्या तशी लागू पडतात. लांबी १६० घ्या, १०५ नव्हे. जास्तीचे ५० सेंटिमीटर मागच्या काडीच्याही मागे राहतील आणि खांब तिथे पकडायचा. उभ्या यागीचा मधोमध लोखंडी खांब काढला तर तो खांबच एक जादाची काडी होतो आणि सगळं गणित बिघडवतो. नव्वद टक्के लोक इथेच चुकतात आणि मग म्हणतात यागीत दम नाही.

केबल दांडीला धरून सरळ मागे, खांबापाशी ते ६-७ वेढे, मग खाली.

पडवी

डेसिबल, यागीत साध्या डायपोलचा रोध (केबलशी जुळायला हवा तो ओहमचा आकडा) ७५ वरून बराच खाली येतो ना? दुमडलेला डायपोल (टोकं वळवून जोडलेला, रोध वाढवणारा) आणि चारास एकचा बलून (रोध जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) नको का?

डेसिबल

येतो, ३०-४० पर्यंत. पण रोधात दुप्पट विजोड असली तरी नुकसान फक्त अर्धा डेसिबल. प्रक्षेपण करायचं असतं तर मी आग्रह धरला असता. नुसतं ऐकायला दुमडत बसण्यात अर्थ नाही, पाइप वाकवताना चेपतो तो वेगळाच.

खरखर

बूस्टरबद्दल, कारण दुकानदार पुन्हा विचारेल. बूस्टर फक्त केबलमध्ये होणारी घट भरून काढतो, आणि तोही अँटेनापाशी लावला तरच. आरजी-६ मध्ये १०० मेगाहर्ट्झला ३० मीटरला साधारण २ डेसिबल जातात. तुमची केबल १५ मीटर, म्हणजे एकच डेसिबल. भरून काय काढणार? वर त्याची स्वतःची खरखर मिसळते.

तारवाला

पावसाळ्याआधी बसवणार असाल तर: तांब्याची तार थेट अॅल्युमिनियमला पिळू नका. पहिल्या पावसात पांढरी पूड धरते आणि जोड सुटतो. कथील चढवलेले लग (तारेच्या टोकाला बसवायच्या कड्या), स्टेनलेस स्टीलचे ४ मिलिमीटरचे बोल्ट आणि वॉशर. जोडावर प्लास्टिकची डबी, तिला खालून बारीक भोक. केबलचं उघडं टोक रबरी, स्वतःला चिकटणाऱ्या टेपने बंद करा. पाणी एकदा जाळीतून शिरलं की केशवाहिनीसारखं मीटरभर आत चढतं, मग केबल बदलण्यावाचून इलाज नाही. खिडकीतून आत घेण्याआधी केबलला खाली झोल द्या, पाणी तिथून ठिबकेल.

खांब इमारतीच्या वीजरोधकापेक्षा खालीच ठेवा आणि लोखंडी असेल तर अर्थिंगला जोडा. तरीही विजा चमकायला लागल्या की केबल ट्यूनरमधून काढून ठेवा. मे महिन्याच्या शेवटी तर रोजच.

नेरळ_पूर्व

शेवटचं. हाच सिग्नल आतल्या खोलीतल्या दुसऱ्या रेडिओलाही द्यायचा असेल तर दोन केबल एकत्र पिळून चालतील का?

डेसिबल

नाही. केबल टीव्हीवाले वापरतात तो दोन तोंडांचा स्प्लिटर घ्या, ५ मेगाहर्ट्झपासूनचा. डिशचा ९५० पासून सुरू होणारा नको. प्रत्येक तोंडावर साडेतीन डेसिबल कमी मिळतील. आधी यागी एकट्या ट्यूनरला जोडा, स्टिरिओत सूऽऽ पूर्ण गेली आणि थोडी सवड उरली तरच वाटा. आतला रेडिओ मोनो असेल तर खोलीतल्या तारेवरही भागेल.